चाळीचं हरवलेलं पाणी

आमच्या वसईतल्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर राजकारण बोलायला बंदी. सामुदायिक रेडिओचा नियमच तसा. बातम्या नकोत, पक्ष नको, उमेदवार नको. उरल्या पाककृती आणि भजनं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथं फुकट राबायला गेले ती काही गप्प बसायला नव्हे. म्हणून रविवार सकाळचं 'हरवलं-सापडलं' मागून घेतलं. हरवलेल्या छत्रीला पक्ष कोण विचारतो?

पहिल्याच महिन्यात एका गावाचा रस्ता हरवला. वर्णन: रंग काळा, अंगावर डांबर, शेवटचा मतदानाच्या आदल्या आठवड्यात दिसला. चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून आलेली माणसं रेडिओला कान लावून बसू लागली. "टीचर, एक दिवस तुम्ही केंद्राला टाळं लावणार," असं समितीचे अध्यक्ष म्हणत, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसत.

मग वालीवच्या कारखान्यात पॅकिंग करणारी एक बाई आली. बिहारची, आमच्या इमारतीमागच्या चाळीत राहणारी. चाळीच्या नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. लांबून हंडे आणता आणता तिचे दोन खाडे झाले होते. तिसऱ्याला मुकादम कामावरून काढणार होता. मी तिला माइकसमोर बसवलं.

"काय हरवलंय?"

"पानी."

"रंग?"

"पानी का क्या रंग, टीचर? पन शेवटी आला तेव्हा पिवळा होता."

"शेवटचं कुठं पाहिलंत?"

"साहेबच्या पत्रकावर. फोटो के नीचे."

काचेपलीकडे अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या दिवशी चाळीचा नळ धो धो वाहू लागला. 'सापडलं' सांगायला नगरसेवकसाहेब जातीनं केंद्रावर हजर. मी म्हटलं, "आम्ही फक्त ज्याचं हरवलं त्याचं नाव सांगतो. शोधणाऱ्याचं नाही. नियम आहे." नियम मी तिथल्या तिथं केला होता. साहेब लालबुंद होऊन गेले आणि मी दिवसभर गुणगुणत होते.

दोन दिवसांनी आमच्या इमारतीचे नळ कोरडे. पालिकेच्या, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यानं नवं पाणी आणलंच नव्हतं. आमची चावी आवळून चाळीची सैल केली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीनं अर्ज लिहिला: चाळ अनधिकृत आहे, चावी पूर्ववत करावी. तीन दिवस बिनपाण्याची मी, रागाच्या भरात सही ठोकली.

त्याच संध्याकाळी लाज गुंडाळून ठेवली आणि बादली घेऊन चाळीत गेले. रांगेतल्या एकीनं विचारलं, "ये बाहरवाली कौन है?" तीस वर्षं वसईत शिकवलेली मी, बाहेरची! ती पॅकिंगवाली बाई पुढे झाली. स्वतःचा हंडा बाजूला केला आणि माझी बादली नळाखाली सरकवली. "टीचर हैं. इनकी वजह से पानी आया," ती सगळ्यांना सांगत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बादली तिथंच टाकून मी सेक्रेटरीकडे धावले. म्हटलं, माझी सही आधी खोडा.

"अहो टीचर, अर्ज तर दुपारीच देऊन आलो," तो म्हणाला. "नगरसेवकसाहेब आधी टाळत होते. मग तुमची सही दिसली, तेव्हा लगेच चावीवाल्याला फोन लावला, उद्या सकाळीच चावी फिरव म्हणून. फार खूश होते."