शर्यतीआधीचा शुक्रवार

बाई गेल्या तो शनिवार होता. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, त्यामुळे गल्लीतली निम्मी घरं उजाडतानाच शेतावर गेलेली. बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, कमलबाई. कारंज्यातलं आमचं घर एकच. मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली, पण मागचं अंगण समाईक. मी अंगणात तोंड धूत होते आणि बाईंचं मागचं दार अजून लोटलेलंच होतं. रोज माझ्या आधी उठणारी बाई. मी हाक मारली, मग आत गेले. खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या, हात उशीखाली. डॉक्टर आले, झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. अंगावर आदल्या दिवशीचं हिरव्या काठाचं पातळ होतं आणि पदराच्या टोकाला एक गाठ मारलेली होती. ती गाठ कशाची, हे तिथे जमलेल्या बायांपैकी फक्त मला माहीत होतं.

ती गाठ मोटारींच्या शर्यतीची होती.

हे वाचून हसू येईल, मलाही पहिल्यांदा आलं होतं. बाईंचा मुलगा प्रशांत जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. मोठे दीर गेल्यावर त्याने आईला तिकडे चल म्हणून खूप आग्रह केला. बाई गेल्या नाहीत. त्याचा त्याला राग आला असं नाही, पण बोलणं आटत गेलं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं... जेवला का, जेवलो. पाणी आलं का, आलं. थंडी हाय का, हाय. मग दोघंही गप्प, आणि फोन बंद. अशाच एका रविवारी तो म्हणाला, आई, ठेवतो, शर्यत लागते आहे. बाईंनी विचारलं, कायची शर्यत? मोटारींची, तो म्हणाला. दुसरी कोणी असती तर बरं म्हणून फोन ठेवला असता. बाई म्हणाल्या, मलेही दाखव. पुढच्या वेळी गावी आला तेव्हा त्याने त्यांच्या टीव्हीवर ती सोय करून दिली, आणि तेव्हापासून शर्यतीचा आठवडा आला की शुक्रवारी संध्याकाळी मायलेकांचा फोन ठरलेला झाला.

बाईंना यात नवं काहीच नव्हतं, हे मला नंतर समजलं. त्यांचं माहेर केनवडचं. वडिलांकडे शंकरपटाची, म्हणजे शर्यतीची बैलजोडी होती. मुलींना पटावर न्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे बाईंनी लहानपणी एकही शर्यत पाहिलेली नाही. पण पटाच्या आदल्या संध्याकाळी गावचे जाणते त्यांच्या ओट्यावर जमायचे. कोणाची जोडी कशी आहे, कोणता धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, किती पाण्यात आहे, बैलाला काल काय चारलं, यावर बोलणी चालायची, आणि बाई दाराआडून ऐकायच्या. "पट पाह्यला नाई मी," त्या एकदा म्हणाल्या, "पण पट सुटायच्या आधीच मले मालूम राह्यचं कोण येते." वडिलांचं एक वाक्य त्यांनी धरून ठेवलं होतं. जोडी कोणीही पाहतो, कासऱ्यावरचा हात पाहावा.

तोच नियम त्यांनी मोटारींना लावला. चालकांची आणि संघांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला आपलं नाव दिलं. एक होता मुका. जिंकला तरी बोलायला लावल्यावर चार शब्द बोलून निघून जायचा. एक जावई, दरवेळी नव्या संघात जायचा, नवा संघ त्याला अधिक महिन्यातल्या जावयासारखा मिरवायचा, आणि हा शर्यत चालू असतानाही गाडीत खोड्या काढायचा. एका संघातल्या दोघांना त्या थोरला आणि धाकटा म्हणायच्या, त्याचंही कारण होतं. सुरुवातीला बाईंची समजूत अशी की एका संघातले दोघं म्हणजे सख्खे भाऊ, एकमेकांना धरून चालतील. त्या भरवशावर त्यांनी अंदाज सांगितला आणि पहिल्याच वळणावर दोघं एकमेकांवर आदळून बाहेर गेले. बाई फार हिरमुसल्या. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडताना मला म्हणाल्या, "वाटणी नाई झाली वं त्याइची. एका धुऱ्यावर दोघं, भांडतीनच." धुरा म्हणजे शेताचा बांध. तेव्हापासून ती दोन नावं पडली. प्रशांतही हळूहळू फोनवर हीच नावं घेऊ लागला. कारखान्यात एकदा सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून मुका निघून गेलं म्हणे, आणि मग तिथल्यांना अर्थ समजावून सांगावा लागला.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. मला वेगाचं, यंत्रांचं काही आकर्षण नाही. खरं सांगायचं तर मी आजवर एकही शर्यत नीट पाहिलेली नाही. रविवारी बाई टीव्ही लावायच्या तेव्हा माझ्या हातात पुस्तक असायचं. मला माहीत आहे तो फक्त शर्यतीआधीचा शुक्रवार. प्रशांतशी बोलायच्या आधी बाई आपला अंदाज माझ्यावर घोटून घ्यायच्या. समोर मेथी निवडायला किंवा शेंगा फोडायला असायच्या. रस्ता कसा आहे, पाऊस येईल का, कोणाचे टायर लवकर झिजतात, कोणाच्या संघात कुरबुर आहे, हे सगळं त्या सांगायच्या आणि मी हो हो म्हणायची. मला जावयाच्या गोष्टी फार आवडायच्या. तो चेहऱ्याने कसा आहे हे मला आजही माहीत नाही.

मायलेकांनी एक पैज ठरवली होती. दोघांनी शुक्रवारी एकेक नाव सांगायचं. ज्याचा गडी मागे राहील, त्याने पुढच्या शर्यतीच्या शुक्रवारी फोन लावायचा. अंदाज एकदा सांगितला की बाई पदराला गाठ मारायच्या आणि निकाल लागल्यावरच सोडायच्या. गाठ मारल्यावर नाव बदलायचं नाही. शनिवारी पात्रता फेरीत आपला गडी मागे पडलेला दिसला तरी नाही. प्रशांत आकडे काढून नाव सांगायचा, बाई हात पाहून. बाई हरल्या की शुक्रवारी निमूट फोन लावायच्या. पण जिंकल्या असल्या की त्यांची दुपार वेगळी असायची. फोन चार्ज करून ओट्यावर ठेवलेला, आणि स्वतः मात्र त्याच्याकडे बघत नाही असं दाखवत उगाच काहीतरी झाडत राहायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, कोणीही लावला तरी बोलणं तेच ना? माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "नाई वं. मी लावला तं तो उचलते. त्यानं लावला तं त्याले याद आली."

मग तो शेवटचा शुक्रवार. त्या वेळची शर्यत गल्लीतली आहे, असं बाई सांगत होत्या. म्हणजे शहरातल्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना भिंती. कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मागच्याला जसं पुढे जाता येत नाही, तसं. प्रशांतचा फोन झाला, नेहमीप्रमाणे आवाज मोठा करून ठेवलेला. त्याने थोरल्याचं नाव सांगितलं. यंदाची सगळ्यात चांगली गाडी त्याचीच, असं त्याचं म्हणणं.

"गाडी चांगलीच हाय त्याची," बाई म्हणाल्या. "पण हात पाह्यला का तू? मागच्या बारीले भिंतीले घासला, तवापासून भिंतीपासून दूर दूर पळून राह्यला. गल्लीत तसं चालते का बापा?"

"आई, आकडे पाह्य नं जरा."

"आकडे तू पाह्य. माहा मुका. त्याले भिंत दिसतच नाई."

प्रशांत हसला. बाईंनी तिथेच गाठ मारली. मग मेथीची देठं गोळा करून त्या आत गेल्या. काही वेगळं वाटलं का, असं मला अनेकांनी विचारलं. नाही वाटलं.

प्रशांत रविवारी दुपारी पोचला. सगळं आटोपून माणसं अंगणात येऊन बसली तेव्हा संध्याकाळ होत होती, आणि दूर कुठेतरी त्याच वेळी ती शर्यत चालू असणार होती. त्याला ते माहीत होतं, मलाही. दोघांनी विषय काढला नाही. बायांनी बाईंना आंघोळ घालताना बाजूला काढून ठेवलेलं पातळ मी धुऊन वाळत टाकलं, गाठीसकट. तेरवी झाली. त्याने आईच्या बिऱ्हाडाला कुलूप लावलं, किल्ली आणि तिचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, काकू, फोन चालू राहू द्या. मी हो म्हटलं. पण मला धाकधूक होती. आमच्या गल्लीत अशी कुलपं आहेत. आई-बाप गेल्यावर पोरं एकदा येतात, दोनदा येतात, मग कुलपालाच गंज येतो. माझ्याशी त्याने काय बोलावं? जेवल्या का, जेवले. पाणी आलं का, आलं...

मध्ये आठवडे गेले. मागच्या शुक्रवारी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी दिसली की रविवारी शर्यत आहे. मी दुपारभर काही केलं नाही. फोन चार्जच होता. संध्याकाळी मेथी निवडायला बसले तेव्हा मी बाईंचं तेच पातळ नेसले होते. त्यांची गाठ एका टोकाला तशीच होती. मी दुसऱ्या टोकाला एक गाठ मारली, जावयाच्या नावाने. मला दुसरं कोणाचं नीट काही माहीत नव्हतं.

फोन वाजला. प्रशांतचा होता.

"काकू, त्या रविवारी मुका पहिला आला होता," तो म्हणाला. "भिंतींना चाटून गेला आणि आला. मंजे फोन माहा होता."

मी म्हटलं, बाईंना खात्री होती. मग पुन्हा तीच शांतता, जी मला पूर्वी भिंतीपलीकडून ऐकू यायची. मी बाईंची गाठ सोडायला घेतली. धुतल्याने घट्ट बसली होती, नखाने सोडवावी लागली.

"मंग यावेळचं सांगा तुमी," तो म्हणाला. "माहा थोरला."

"माझा जावई," मी म्हटलं.

"कोण?"

"जावई. या वेळी तो येईल. त्याचा हात चांगला आहे."

पलीकडून तो हसायला लागला. तो इथून गेला तेव्हापासून, किंबहुना तो आला तेव्हापासून, मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. "काकू, जावयानं गाडी कवाचीच सोडली. तो आता घरी बसून शर्यत पाह्यते. बदला, दुसरं नाव सांगा."

मी पदराकडे पाहिलं. एका टोकाला बाईंची गाठ सुटून नुसती चुणी उरली होती, दुसऱ्या टोकाला माझी गाठ होती.

"गाठ मारली आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मंग पुढचा फोन तुमचा, काकू."

शर्यत होऊन गेली. मी निकाल पाहिला नाही, पाहायची गरजही नव्हती. पातळाला इस्त्री केली, पण ती चुणी काही जात नाही. माझी गाठ सोडून ठेवली आहे. आता पुढच्या शर्यतीचा शुक्रवार येण्याआधी मला जाणून घ्यायचं आहे, सध्या कोण कोण गाडी हाकतं आणि कोणाचा हात कसा आहे. फोन मला लावायचा आहे.