मोटारीच्या वाटणीचे पाणी

जळावर निजणाऱ्या नारायणा, तुला आधी वंदन. ज्या पाण्याने तुझे चरण धुतले जातात, तेच पाणी आडात आहे, तेच डोळ्यांत आहे, तेच तहानेल्याच्या ओंजळीत आहे. त्याची जात तू कधी विचारली नाहीस. विचारली ती आम्ही. त्या विचारण्यात ज्याचे घर सुने झाले, त्या घाटनांदूरच्या निवृत्तीबाबांची कथा सांगायची आहे. वाणीला ओलावा दे.

निवृत्तीबाबा मोटारवाले. हैदराबादेस निघून गेलेल्या एका जहागीरदाराची अमेरिकन डॉज कित्येक वर्षे गोठ्यात धूळ खात पडली होती. सन साठच्या सुमारास बाबांनी बैलजोडी विकून ती घेतली, तेव्हा गाव हसले.

"बैल शेण तरी देत होते, बे! ही काय देणार?"

"ही माझ्या नातवाला बी वढील," बाबा म्हणाले.

आणि काय तिची घडण! जाड पत्रा, रुंद छाती. समोरून लोखंडी हँडल फिरवले की पोटातून गंभीर हुंकार उठे. एकदा बाभळीवर आदळली, तर बाभूळ वाकली. मागची गादी काढून त्या जागी बाबांनी सहकारी दूध संस्थेचे कॅन उभे केले, आणि रोज सकाळी गावाचे दूध त्या डॉजमधून अंबाजोगाईला जाऊ लागले. खोड एकच. चढाला लागली की रेडिएटर उकळे, आणि तिला पाणी पाजावे लागे.

ते पाणी बौद्ध वस्तीच्या विहिरीचे असे, कारण गाडी उभी राहायची तीच जागा. वस्तीतल्या भामाबाई पोहरा ओढत, पत्र्याचा डबा भरून देत आणि हसत हसत टोचत.

"निवृत्तीदादा, तुमच्या मोटारीला आमचं पाणी चालतंय. तुमालाच कावून चालत न्हाई?"

"मोटार अमेरिकेची हाय, भामे. तिला काय कळतंय?"

"मग तीच शानी म्हनायची!"

दोघेही हसत. बाबांचा पिण्याचा तांब्या मात्र घरूनच भरून येई.

मग बहात्तर साल आले. आभाळ कोरडे, आड कोरडे, गाईंच्या कासा कोरड्या. संस्थेचे कॅन पालथे पडले. बाबा आणि त्यांची पत्नी सिंधुबाई खडी फोडायला जाऊ लागले. गावच्या बाया दीड कोसावरच्या झऱ्यावरून घागरी आणीत. वस्तीच्या खोल विहिरीला तळाशी पाणी होते; तिकडे मात्र गावातली एकही घागर गेली नाही.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, खडीवरच सिंधुबाईंना ओकारी-हगवण लागली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायला बाबांनी त्यांना डॉजमध्ये, कॅनच्या जागी, पोत्यांवर निजवले. घरचा रांजण रिता होता. भामाबाई स्वतः विहिरीत उतरल्या आणि वाटीवाटीने पाणी गोळा करून त्यांनी डबा भरून दिला.

अर्ध्या वाटेत, चढावर, गाडी उकळली. बाबांनी फडक्याने झाकण उघडले आणि अर्धा डबा सावकाश रेडिएटरमध्ये ओतला. मागून क्षीण आवाज आला.

"अवो, पाणी."

"थांब जरा. म्होरल्या गावात आड हाय."

"डब्यात हाय की."

"ते वस्तीवरचं हाय, सिंधू."

सिंधुबाईंनी मान वळवून डब्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "गाडी पितीया न्हवं?"

बाबांनी हँडल मारले आणि गाडी पुढे काढली.

पुढल्या गावचा आड आटलेला होता. तळाच्या भेगा बघून बाबा धावत परतले. सिंधुबाईंचे डोके मांडीवर घेतले, डबा उचलला, ओठांना धार लावली. पाणी ओठांवरून हनुवटीवर आले, हनुवटीवरून पोत्यावर सांडले. घोट उतरला नाही. डॉज मात्र त्याच पाण्यावर कुठेही न थांबता अंबाजोगाईला पोचली. तिचे काही अडले नाही. काहीच नाही.

राख सावडून बाबा घरी गेले नाहीत. सरळ विहिरीवर आले.

"भामाक्का, पाणी घाल."

भामाबाईंनी डबा ओढला.

"डब्यात नगं. ओंजळीत घाल."

त्यांचा हात थबकला. "दादा, दुखाची येळ हाय. उद्या गाव काय म्हनंल?"

"गाव काय म्हनंल, ह्याच भ्यानं तिला दिलं न्हाई, अक्का."

भामाबाईंनी पोहरा वाकवला. बाबा प्याले, आणि पिता पिता रडले.

पाऊस आला, गाई पान्हावल्या, दूध संस्था पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष बबनराव दाराशी आले.

"निवृत्ती, लोक म्हनत्यात, तू तिकडचं पाणी पितो. एकडाव फकस्त न्हाई म्हन. उद्यापासून कॅन तुझ्याच गाडीत."

"लोक खरं म्हनत्यात, बबनराव."

कॅन दुसऱ्याच्या गाडीत गेले. बाबा खडी फोडत राहिले. पण पंचक्रोशीत कोणी आजारी पडले, कोणी बाळंतीण अडली, की डॉजचा हुंकार दारात ऐकू येई. नेम एकच: डब्यातले पाणी आधी आजाऱ्याला, मागून गाडीला. कोणी वाखाणणी केली, "बाबा, गाडी लई टिकली तुमची," की बाबा मान खाली घालत. "शानी हाय ती," एवढेच म्हणत.

आज बाबा सत्तरी ओलांडून गेले. हँडल आता मुलगा ज्ञानोबा फिरवतो. भामाबाई राहिल्या नाहीत; त्यांची सून अंजना रोज सकाळी बाबांना तांब्याभर पाणी देते, आणि मग डबा भरते. बाबा तांब्यातला पहिला घोट डॉजच्या मागच्या रिकाम्या जागी, जुन्या पोत्यावर शिंपडतात. नंतर स्वतः पितात.

नारायणा, या भल्या माणसाचा उरलेला काळ शांत जावो. ज्ञानोबाच्या घरच्या रांजणाला तळ न दिसो, अंजनाच्या दारची विहीर कधी न आटो. आणि सिंधुबाई जिथे असतील तिथे, तो एक घोट त्यांच्या कंठाखाली उतरू दे.