रिकाम्या बीकरमधलं शिसं

तीर्थपुरीच्या बाजारात पेंड विकणाऱ्या एका शेठनं माझ्या आक्काला फसवलं आणि नंतर मलाही फसवलं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा समजू नये. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझी लॅब होती – माती, खत, पशुखाद्य यांतले धातू तपासायची. एका बियाणे कंपनीत बाटल्या धूत धूत मी हे काम शिकलो. धातू मोजायचं मशीन एका बंद पडलेल्या कारखान्याकडून दोन दिवस घासाघीस करून उचललं. काटा दाखवील तेवढंच खरं मानायचं, हा माझा स्वभाव.

१९९६ सालची गोष्ट. आक्काच्या दोन म्हशी एकाच आठवड्यात गेल्या. आधी आंधळ्या झाल्या, मग भिंतीला डोकं लावून दात खात उभ्या राहायच्या. डॉक्टर म्हणाले, शिशाची विषबाधा वाटते, खाद्य तपासा. शेठनं गावात उलटंच पसरवलं – बाईनं फवारणीचा डबा गव्हाणीत धुतला. आक्काची रतीबाची घरं एकेक करून तुटली. मला म्हणाली, "बापू, लेकरावानी सांभाळलेली जनावरं मी मारीन का रे?"

मी तिरीमिरीतच गेलो. पंचांसमोर तिच्या गोठ्यातल्या, शेठकडून आणलेल्या पोत्यातून पेंड काढली, पाकिटात भरली, लाखेचं सील केलं. आणि इथं मी हुशारी केली... उद्या शेठ म्हणेल, भावाच्या लॅबमध्ये भावानंच माल बदलला. म्हणून मीच अडून बसलो, की पाकीट शेठच्या माणसानंच जालन्याला आणायचं. आमच्याकडची रीतच ती – ज्याच्यावर आळ, त्याच्याच हाती वस्तू द्यायची, म्हणजे नंतर त्याला तोंड राहत नाही. शेठचा मुनीम हसून म्हणाला, "बराबर आहे बापूसाहेब. मीच घेऊन येतो, मंग तक्रार नको." उरलेलं पोतं शेठनं "खराब माल परत घेतो" म्हणून त्याच दिवशी उचलून नेलं. पाकीट दुसऱ्या दिवशी आलं. सील शाबूत. ठसा पंचायतीचा होता, आणि पंचायतीत शेठचा मेहुणा बसायचा, हे मला नंतर कळलं.

सरकीची पेंड म्हणजे अवघड नमुना. तेलकट असते. घाईनं तापवली तर फेस उसळून बाहेर येतो, आणि परक्लोरिक अ‍ॅसिड आधीच पडलं तर स्फोट. म्हणून आधी रात्रभर नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये भिजत ठेवायची, मग मंद आचेवर तासन्‌तास. तीन बीकरमध्ये पेंड घेतली. चौथा बीकर ब्लँक – त्यात पेंड नसते, नुसतं तेच अ‍ॅसिड, तीच आच. अ‍ॅसिडात किंवा काचेतच काही खोट असली तर ब्लँक सांगतो.

पेंडीच्या तिन्ही बीकरांत शिसं नव्हतं. ब्लँक मशीनला लावला आणि शिशाचा काटा सरळ सदतीसवर जाऊन थांबला.

मी स्टूलला लाथ घातली. माझ्या केमिस्ट खरात मॅडम शांतपणे म्हणाल्या, बीकर नीट धुतला नसेल. ठीक. नवीन अ‍ॅसिडची बाटली फोडली. सगळे बीकर दिवसभर अ‍ॅसिडात बुडवून ठेवले. कुणाला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघं हॉटप्लेटसमोर उभे होतो – आणि ब्लँकला फेस आला. पेंडीचे तीन बीकर गप्प, आणि नुसत्या अ‍ॅसिडाचा चौथा उसळून राह्यला. वर तांबूस धूर. खोलीत करपलेल्या सरकीचा वास.

"सर, ह्याच्यात काहीच न्हाई टाकलेलं," मॅडम म्हणाल्या. "मी बघत होते."

काटा पुन्हा सदतीस. तिसऱ्या खेपेला दोन ब्लँक ठेवले, एक खिडकीशी, एक दाराशी. दोन्ही सदतीस. पेंड स्वच्छ.

मी पेन उचललं. सदतीस हा आकडा पेंडीच्या रकान्यात लिहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मॅडमनी वही माझ्याकडं सरकवली. "तुम्ही लिहा. सही मी करणार न्हाई."

मीही लिहिलं नाही. ब्लँक खराब तर सगळी बॅच रद्द, हा माझ्याच लॅबचा नियम. त्या पाकिटातली उरलेली पेंड दुसऱ्या लॅबला गेली, तिथं ब्लँक शून्य आणि पेंडही स्वच्छ. शेठनं तो कागद पारावर वाचून दाखवला.

दोनेक महिन्यांनी आक्कानं गोठा सारवायला काढला. जुन्या टोपल्याच्या विणीत त्याच पोत्यातली मूठभर पेंड अडकून वाळली होती. तेवढीच फडक्यात बांधून ती एसटीनं जालन्याला आली. मी तीच पद्धत वापरली, तेवढंच वजन घेतलं. ब्लँक शून्य. पेंड – सदतीस. पण ह्या पेंडीला ना पंच, ना सील. कोण मानणार?

खरात मॅडमना आणि मला आजवर ब्लँकचं कारण सापडलेलं नाही. मोठमोठ्या केमिस्टना विचारलं. काही हसले, काही म्हणाले मशीन जुनं असेल. असेल. मग सदतीसच का, आणि फेस कशाचा, हे कुणी सांगत नाही. ते मी आता विचारणंही सोडलं.

पण दुसरं सोडलेलं नाही. आक्का वडीगोद्रीला लेकाकडं राहते. तिनं पुन्हा म्हैस बांधली नाही. शेठ, तुमचं दुकान अजून चालू आहे. मुनिमानं पाकीट कुठं उघडलं, कुणाच्या सांगण्यावरून उघडलं आणि आत कुठली पेंड भरली – हे पंचांसमोर, माझ्या आक्काला समोर बसवून, तुम्ही सांगा.