लोपोचा ठसा, दुआर्तेचा हातोडा

पोर्तोच्या टाकसाळीत मी चकत्या तोलायचो आणि दुआर्ते हातोडा मारायचा. खालचा ठसा ठोकळ्यात बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा डाव्या मुठीत आणि वरून एकच घाव. त्याचं नाणं कधी सरकलं नाही.

ठसे कोरायची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपलीच असं तो धरून चालला होता. जुन्या कारागिराकडे बसून कोरणीही शिकला होता. पण टाकसाळीचे प्रमुख मेस्त्री गोमिश यांनी ब्रागा गावाहून लोपो नावाचा ठसे कोरणारा आणला.

लोपोचं काम बघायला सगळे गोळा झाले. दुआर्तेचं जेवण घेऊन आलेली त्याची बायको आल्दोंसाही थबकली.

"अगंबाई, नाण्यावरच्या ढालीतले ठिपकेसुद्धा किती रेखीव!"

"मग जेवायलाही त्यालाच वाढ," दुआर्ते फणकारला. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

पुढच्याच आठवड्यापासून नाणी बिघडू लागली. क्रूस दुहेरी, अक्षरं कडेवरून घसरलेली.

"ठसाच वाकडा कोरलाय, मेस्त्री. मी तरी काय करणार?" दुआर्ते म्हणाला.

गोमिशांनी लोपोला गाशा गुंडाळायला सांगितलं. लोपो ठोकळ्यापाशी बसला आणि वरचा ठसा त्याने स्वतःच्या मुठीत धरला.

"मारा, दुआर्तेभाऊ."

"बोटं जातील तुझी."

"तुमचा घाव चुकत नाही म्हणतात."

हातोडा वर गेला. माझा तराजू हातातच राहिला. त्या क्षणी ती बोटं ठेचायचीच असं मनात होतं, हे दुआर्तेने मला नंतर सांगितलं. पण हाताने ऐकलं नाही. घाव सरळ बसला.

गोमिशांनी नाणं खिडकीपाशी नेलं. लख्ख उठलं होतं. त्यांनी नाण्याकडे बघितलं, मग दुआर्तेकडे.

"हातोडा खाली ठेव."

टाकसाळीतून त्याला हाकलणारच होते, पण लोपो मध्ये पडला. "राहू द्या त्यांना, मेस्त्री." ते उपकार त्याला सर्वांत जास्त झोंबले. चांदी उजळायच्या कढईवर तो म्हातारा होईपर्यंत राबला. बाजारात हाती पडलेलं प्रत्येक नाणं अंगठ्याने चाचपायचा, खोट शोधायचा.

एकदा धापा टाकत माझ्याकडे आला. "बघ! ढालीवरची रेघ बघ! चुकला की नाही तुझा लोपो?"

ती चांदीलाच गेलेली चीर होती. कोरणीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

"चुकलाय खरा," मी म्हणालो.

त्या दुपारी त्याने भाजलेली तारली मासळी मागवली आणि पोटभर खाल्ली.