चंदनाक्काची मांडी

मिशीला पीळ दिलेला तीस वर्षांचा बाप्या मांडीवर बसवून दत्तक घ्यायचा, हे परक्याला हसू आणणारं. पण निपाणीकडच्या जैनांत त्याचं नवल नव्हतं. म्हणूनच त्या सकाळी रायगोंडा कोरा पटका बांधून चुलतीच्या सोप्यात बसला होता, अगदी निर्धास्त. आता तिची तंबाखूची काळी जमीन त्याचीच.

चुलती चंदनाक्का बिनलेकराची विधवा. नवऱ्यामागं शेती तिनं बांधावर उभं राहून पिकवली. प्लेगात गाव माळावर पळालं, तेव्हा मागं टाकलेल्या रोग्यांना हिनं पेज पाजली. रायगोंडाची बहीण शालन विधवा झाली, सासरनं हाकलली. "आमचंच भागंना," म्हणत रायगोंडानं दार लावलं. तेव्हापासून ती चंदनाक्काकडंच होती.

उपाध्यांचे मंत्र झाले. गावचे वडीलधारे जिनाप्पा हसून म्हणाले, "आक्का, मांडी सांभाळ. पोरगं अंमळ जड हाय!"

हशा पिकला. रायगोंडा लाजत उठला.

"तू बस रं," चंदनाक्का म्हणाली. "शालन, ये गं."

ओल्या हातानं शालन चुलीपासनं आली. काय चाललंय हे तिलाही उमगलं नव्हतं. चंदनाक्कानं तिला मनगटाला धरून मांडीवर ओढलं आणि दत्तकाची साखर तिच्या तोंडात घातली.



"आक्का!" जिनाप्पांचा आवाज चिरकला. "लेक कुणी दत्तक घेतंय व्हय?"

"सासरनं हाकललं, भावानं दार लावलं. कुणीतरी घ्यायला नको?"

"शास्त्रात न्हाय हे," उपाध्ये पुटपुटले.

"नसंना. जैनाच्या विधवेचा जमिनीवर हक्क पुरा, वकिलानं सांगितलंय. उद्या बेळगावला जाऊन हिच्या नावानं बक्षीसपत्र करून येतो."

रायगोंडा दोन पावलं पुढं आला. "काकू, मी सख्खा पुतण्या की गं!"

"सख्खाच हाईस. म्हणून तर तू लावलेलं दार लई मोठ्यानं वाजलं, बाबा."

शालन त्याच्याकडं बघत होती. गालात साखर तशीच, डोळ्यांतनं धारा. रायगोंडाला ती नजर सोसंना. तो वळला आणि दाराकडं निघाला. दारात गावच्या विधवा उभ्या होत्या. शुभकार्यात त्यांनी मागंच राहायचं, ही रीत.

"वाट द्या," तो म्हणाला.

एकीनंही अंग चोरलं नाही. त्याच्या खांद्यावरनं त्या आत, त्या मांडीकडं बघत राहिल्या. मग त्यांतली एक पुढं झाली, रायगोंडाला वळसा घालून सोप्यात गेली आणि कुणी न बोलावता दत्तकाच्या साखरेत हात घातला.