कोपऱ्यातला किल्ला

नवऱ्याच्या कंपनीला कुणा जपानी पुरवठादाराने कॅलेंडर दिलं होतं. ते ओमानात, आमच्या अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये फ्रिजशेजारी लटकायचं. लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रं. "प्रसिद्ध स्थळं आणि सुंदर बायका," नवऱ्याने माहिती पुरवली. स्थळं शोधायला मला चष्मा लागला. सगळा कागद बाईनेच व्यापलेला. कुठे ती मान पुसतेय, कुठे आरशात दात बघतेय, आणि वर कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा पूल. ती बाई त्या पुलावर कधी गेलेलीच नसणार, अशी माझी खात्री झाली.

मीही ओमानात येऊन भाजी मार्केटपलीकडे काही पाहिलं नव्हतं. नवरा रुसैलच्या कारखान्यात सुपरवायझर. सुट्टी शुक्रवारची, आणि शुक्रवारी हा माणूस जो आडवा व्हायचा तो संध्याकाळच्या चहालाच उठायचा. "पुढच्या शुक्रवारी नक्की, इन्शाल्ला." मला मत्राहचा समुद्र बघायचा होता, तोही याच्यासोबत. एवढंच मागणं, सोन्याच्या बांगड्या नव्हत्या मागितल्या.

तिकडे चिपळूणहून जाऊबाई रोज विचारायच्या, "काय काय बघितलंस गं?" शेवटी माझं डोकं फिरलं. ओट्यावर डब्याला मोबाईल टेकवून भेंड्या चिरतानाचा फोटो काढला, वरच्या कोपऱ्यात नेटवरचा निझवाचा किल्ला गोल कापून चिकटवला आणि दिला घरच्या ग्रुपवर टाकून. अंगात गाऊन, मागे मिक्सर. "किती भव्य आहे," जाऊबाईंनी लिहिलं. मग मला चेवच चढला. कपडे वाळत घालताना मशीद, केसांना तेल लावताना वाळवंट. कुणाला काही खटकेना. सासऱ्यांनी तर उन्हात टोपी घालत जा म्हणून बजावलं.

समुद्र मात्र मी राखून ठेवला होता. एका शुक्रवारी दुपारी तोही टाकला: मी उशीला अभ्रा घालतेय आणि कोपऱ्यात मत्राहच्या बोटी.

संध्याकाळी नवऱ्याने पडल्यापडल्या मोबाईल उघडला. बराच वेळ बघत होता. आता तरी कळेल, म्हणून मी चहा घेऊन शेजारीच उभी राहिले.

"अरे वा, मत्राह. समुद्र छान आलाय," तो म्हणाला. मग उशी सारखी करून त्याने डोकं टेकवलं. "बरं झालं बाई, बघून आलीस. माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं."

मला रडूच आलं. पण चहा त्याच्या हातात दिला, साडी नेसले, टॅक्सी बोलावली.

"आता कुठे निघालीस?"

"मत्राहला."

"परत?"