लिफ्टचं गाऱ्हाणं

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर मध्येच ठसका लागेल आणि बायको म्हणेल, तुझ्या मूर्खपणापायी पाहुणे दगावले. गेल्या गणपतीत भर आरतीला, अख्ख्या बिल्डिंगसमोर, हातात माइक घेऊन मी जी माती खाल्ली ना, ती अजून दातांत अडकलीय!

आमची बिल्डिंग मुलुंडची. जुनी, सात मजली. लिफ्टही जुनीच, जाळीच्या दरवाजाची. हा दरवाजा नीट ओढून लावला नाही, की लिफ्ट जागची हलत नाही. तुम्ही वर बटण दाबून अंगठा झिजवा, ती आपली खाली ढिम्म! मग लोक जिन्यातून ओरडत बसतात, "ए, दरवाजा लावा रे!"

आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. गणपतीच्या महिनाभर आधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज व्यायामाला न्यायचं. खंड पडला आणि गुडघा आखडला, तर माझ्याकडे रडत यायचं नाही." झालं! मी पावणेनऊला ऑफिसला निघायचं आणि माझ्या पाठोपाठ बायकोने आईला समोरच्या गल्लीतल्या क्लिनिकमध्ये न्यायचं, असं ठरलं.

आणि नेमकी तेव्हापासून रोज सकाळी लिफ्ट अडकायला लागली!

मी रिक्षात बसतो न बसतो तोच आईचा फोन. "झिला, लिफ्ट परत खाली अडाकली रे! कोण मेल्यान दरवाजो उघडो टाकल्यान!"

फोनमध्ये मागून सगळी बिल्डिंग ऐकू यायची. तिसऱ्या मजल्यावरून नीलाबेन, "काय रोज रोज माथाकूट!" चौथ्यावरचा कॉलेजवाला, "डोक्याला शॉट आहे यार!" दुसऱ्यावरच्या वहिनी, "वात आणलाय नुसता!" वॉचमन त्या वेळी गेटवर शाळेच्या बसमागे पळत असतो, त्याला काय ऐकू जाणार?

पाचव्यावर जोशी सर राहतात. रिटायर्ड शिक्षक. दुधवाल्यालाही अहो-जाहो करणारा माणूस. एके दिवशी त्यांच्या मजल्यावरून असा काही शब्द आला, की मी फोन कानापासून लांब धरला. तो शब्द मी चारचौघांत उच्चारणार नाही.

"आई, हे जोशी सर होते?"

"व्हय तर! कालच्यापेक्षा आज कमीच बोलले."

मी हादरलोच! ज्या माणसाने माझ्या मुलीला शुभंकरोती शिकवलं, तो माणूस!

शेवटी कुणीतरी धापा टाकत खाली उतरून दरवाजा लावायचं, पण तोवर क्लिनिकमधला आईचा नंबर गेलेला असायचा. एका आठवड्यात तीनदा असं झालं. आईचा पाय पुन्हा आखडायला लागला. स्वयंपाकघरातून चहा आणायचा तरी ती भिंत धरून चालायची. ते बघून त्या दरवाजावाल्याला कधी एकदा धरतो असं व्हायचं.

मी डोकं चालवलं. मी निघतो तेव्हा लिफ्ट अगदी झकास चालू असते. मी गेलो की लगेच अडकते. म्हणजे काय? उघड आहे! हा माणूस मी बाहेर पडायची वाटच बघत असणार. मला टरकून असणार!

बायको म्हणाली, "सुहास, तुला कोण टरकतं रे?"

मी दुर्लक्ष केलं.

आमचा सोसायटीचा गणपती तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारीच बसतो. आरती झाली की गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. ही आमची कोकणातली रीत. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आधी बाबा घालायचे, आता मी. माझी मालवणी मुलुंडात वाढलेली, पण ऐकतो कोण? काय मागितलं ते न ऐकता नीलाबेनसकट सगळे ठोकून देतात, व्हय म्हाराजा!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई काठी टेकत आरतीला खाली आली. सकाळीही तिचा व्यायाम बुडाला होता. तिचा तो सुजलेला पाय बघितला आणि माझं डोकं सणकलं. मी माइक घेतला.

"बा देवा म्हाराजा! ही जी काय लेकरां तुझी सेवा करतत, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा इथे थांबायचे. मी थांबलो नाही.

"आणि जो कोण मेलो रोज सकाळी लिफ्टीचो दरवाजो उघडो टाकून जाता, त्याच्या पायाक गोळे येवंदे रे म्हाराजा!"

पहिल्यांदाच लोकांनी मागणं ऐकलं होतं! आणि मग जो आवाज उठला, "व्हय म्हाराजाऽऽ!" जोशी सरांनी तर मूठ वळली होती.

मला चेव चढला. "त्याका जन्मभर सात माळे चालत चढूक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याचा थोबाड आजच्या आज सगळ्यांका दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आईचा आवाज सगळ्यात वर.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी करंदीकर पुढे आले आणि माझ्या कानाशी लागले. "सुहास, बाप्पाच्या दागिन्यांसाठी परवा कॅमेरा लावलाय ना, त्यात लिफ्ट पण येते. आपण दोघंच आधी बघू या का?"

"दोघंच का?" मी माइकवरच गरजलो. "सगळ्यांसमोर दाखवा! बाप्पाच्या साक्षीने होऊन जाऊ दे!"

"अरे, ऐक तरी..."

"कुणाला पाठीशी घालताय, करंदीकर?"

बिचाऱ्यांनी बाप्पाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि मुलांच्या कार्यक्रमासाठी आणलेल्या मोठ्या टीव्हीला मोबाईल जोडला.

कॅमेरा वरून होता. लिफ्ट खाली आली. एक माणूस बाहेर पडला. खांद्याला बॅग, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात कचऱ्याची, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाईल. त्याने मागे न बघता टाचेने दरवाजाला लाथ हाणली. दरवाजा गेला, आपटला आणि चार बोटं परत आला. माणूस निघून गेला. डोक्याच्या मागे पुरीएवढं गोल टक्कल चमकत होतं.

"कोण रे हा टकल्या?" मी ओरडलो. "लाज नाही वाटत? घरात म्हातारी माणसं नाहीत याच्या?"

नीलाबेन मखराची झालर निरखायला लागल्या. जोशी सर माझ्याकडे असे बघत होते, की तो शब्द आता परत येतोय असं वाटलं.

आई हळूच म्हणाली, "झिला, ती डब्याची पिशवी मी शिवलेली."

मी पिशवी बघितली. मग शर्ट बघितला. मग माझा हात आपोआप डोक्याच्या मागे गेला. अहो, शपथेवर सांगतो, मला टक्कल पडलंय हे तोवर मला माहीतच नव्हतं! एका मिनिटात दोन धक्के!

मी बायकोला कुजबुजत विचारलं, "हे कधीपासून?"

"लिफ्ट की टक्कल?"

करंदीकरांनी आदल्या दिवसाचंही दाखवलं. तीच टाच, तीच लाथ. म्हणजे आईचा पाय आखडवणारा तो मेलो मीच! रोज मीच तिला सहाव्या मजल्यावर अडकवून जायचो आणि रिक्षात बसून दुसऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचो. तुम्ही हसा खुशाल, पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आईने माझ्या हातातून माइक काढून घेतला.

"बा देवा म्हाराजा! माझ्या झिलान आत्ता जा काय मागल्यान, ता मनावर घेव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लोक कसंबसं पुटपुटले. जोशी सरांची मूठ अजून वळलेलीच.

"उद्यापासून तोच माका हाताक धरून व्यायामाक न्हेतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फकत त्याका वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!" असा गजर झाला की गेटवरून वॉचमन धावत आला. आणि त्या गजरात सगळ्यात मोठा आवाज, हात जोडून, डोळे मिटून, नेहमीच्या सवयीने, माझा होता!